यान स्वामर्डाम ह्याचें चरित्र

हॉलंड देशांतील आम्स्टरडाम शहरीं सन १६३७ त यान स्वामर्डाम ह्याचा जन्म झाला. बाप औषधें विकणारा असून त्याच्या घरीं देशोदेशींच्या प्राण्यांचा व दुर्मिळ वस्तूंचा मोठा संग्रह होता. लायडन येथें अभ्यास करून १६६७ सालीं यान वैद्य झाला, परंतु त्याचें चित्त रोग्यांत लागेना. तें किड्यांत गुंतलें होतें. बापास हें रुचलें नाहीं, व गोष्ट पैशाचें साहाय्य बंद करण्यापर्यंत गेली. आमच्या गांवांतील किती बाप ह्याहून निराळे वागले असते, हें वाचकांनींच सांगावें.

त्या काळीं पुष्कळ विद्वानही मानीत कीं किडे चिखलांतून व कुजक्या पदार्थांतून आपोआप उपजतात, आणि त्यांच्या पोटांत अवयव असे कांहीं नसतात. ही समजूत त्यानें सुरीनें व लेखणीनें खोडली. १६६८ त तुस्कानीचा राजपुत्र कोसिमो भेटीस आला असतां त्यानें सुरवंटाची कातडी सोलून आंत घडी घातलेले फुलपाखराचे पंख दाखविले. राजपुत्रानें त्याच्या संग्रहाबद्दल १२,००० गिल्डर देऊं केले, मात्र फ्लॉरेन्स येथें येऊन राहावें अशी अट घातली. ती त्यानें मानिली नाहीं.

त्याच्या कात्र्या इतक्या बारीक असत कीं त्यांस धार लावण्यास सूक्ष्मदर्शक लागे. किडा पाण्यांत बुडवून उघडावयाचा, म्हणजे अवयव तरंगून सुटे होतात. मग केंसासारख्या काचेच्या नळीनें हवा फुंकावयाची किंवा रंगीत द्रव भरावयाचा. उन्हाळ्यांत सकाळीं सहापासून दुपारपर्यंत तो उघड्या डोक्यानें उन्हांत बसे, व पाहिलेलें रात्रीं लिहून व रेखाटून ठेवी. फाडलेला किडा कुजून जातो. चित्र तेवढें मागें राहतें. पोळ्यांतील ज्या मोठ्या माशीस लोक राजा म्हणत, तिच्या पोटांतील अंडाशय त्यानें काढून दाखविले, व राजाची राणी झाली.

पुढें त्याच्या मनास टोंचणी लागली. अंडाशयाचा शोध पहिल्यानें कोणी लाविला ह्यावरून द ग्राफ नांवाच्या विद्वानाशीं तो कडाक्यानें भांडला होता, आणि आपण देवाऐवजीं स्वतःचा मान शोधतों असें त्यास वाटूं लागलें. अंत्वानेत बूरिन्यों नामक एका भक्तिपंथी बाईच्या उपदेशानें तो चालूं लागला. एका दिवसांत मरणाऱ्या माशीवरील पुस्तक त्यानें १६७५ त तिच्या अनुमतीनें छापिलें, आणि मग तिच्या मंडळींत राहावयास श्लेस्विगास गेला. रेशमाच्या किड्यावरील आपला लेख त्यानें फाडून टाकिला. चित्रें मात्र इटलींतील माल्पीगीकडे गेलीं. कीर्तीची भूक त्यास खरोखरच होती, तेव्हां त्याची भीति खोटी होती असें आम्ही म्हणत नाहीं. पण रेशमाच्या किड्यानें काय अपराध केला होता?

१६७६ त तो घरीं परतला व पुन्हां सूक्ष्मदर्शकापुढें बसला. उवेच्या शरीराचें वर्णन ह्याच काळचें आहे. तापानें जर्जर होऊन १६८० च्या फेब्रुवारींत, त्रेचाळिसाव्या वर्षीं, तो वारला. त्याचे कागद मृत्युपत्रानें तेव्हनो ह्या फ्रेंच मित्रास दिलेले होते. ते हातोहातीं फिरत राहिले. शेवटीं लायडनचा प्रसिद्ध वैद्य बूरहाव्ह ह्यानें ते विकत घेऊन १७३७-३८ त निसर्गाचें बायबल ह्या नांवानें छापविले.

स्वामर्डामचें म्हणून जें चित्र पुस्तकांत दिसतें तें त्याचें नव्हे. रेम्ब्रांटनें १६३२ त, म्हणजे त्याच्या जन्मापूर्वीं, रंगविलेल्या एका चित्रांतील दुसऱ्याच मनुष्याचा तो चेहरा आहे.