बिघडलेल्या पिंपांचा वैद्य : लुई पाश्चर

मआमीरमध्ये जूनपासून सप्टेंबरपर्यंत इडलीचे पीठ रात्रभर ओट्यावर ठेवायची सोय नाही. संध्याकाळी वाटून ठेवावे, तर पहाटे ते फुगलेले नसते. नुसते आंबटढाण झालेले असते. पहिल्या उन्हाळ्यात मी दोष उडदाच्या डाळीला दिला, मग कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरवाल्याला. डाळ बिचारी निर्दोष होती. पीठ फुगवणारे सूक्ष्म जीव बेताच्या उबेत वाढतात. उकाडा फार झाला की त्यांच्याआधी आंबटपणा आणणारे दुसरेच जीव पुढे सरसावतात. पीठ तेच, पातेले तेच, पण आत कामाला लागलेली मंडळी वेगळी. हे आज शाळेतले पोरही सांगते. पण दीडशे वर्षांपूर्वी मोठमोठ्या विद्वानांना ते पटत नव्हते. ज्यांनी ते पटवून दिले त्या लुई पाश्चर यांची ओळख आज करून घेऊ या.

पाश्चरांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी पूर्व फ्रान्समधील डोल या गावी झाला. वडील कातडी कमावण्याचा धंदा करीत. त्याआधी ते नेपोलियनच्या सैन्यात होते. लुईंचे बालपण आर्ब्वा या द्राक्षमळ्यांच्या गावी गेले. अभ्यासात ते फार चमकत होते असे नाही. चित्रे मात्र सुंदर काढीत. पंधराव्या वर्षी त्यांना शिकायला पॅरिसला पाठवले, तर घरच्या आठवणीने ते असे झुरले की वडिलांना जाऊन परत आणावे लागले. पुढे दिजाँ येथे पदवीच्या परीक्षेत त्यांना रसायनशास्त्रात मध्यम असा शेरा मिळाला. माझ्या वर्गात निकालाच्या दिवशी मी ही हकीकत आवर्जून सांगते.

पाहण्याची सवय मात्र या मुलाला चित्रकलेने लावली असावी. १८४८ मध्ये द्राक्षाच्या दारूच्या पिंपात साचणाऱ्या क्षारांपासून मिळणाऱ्या आम्लावर ते काम करीत होते. (आपल्या चिंचेतही मुख्यतः हेच टार्टारिक आम्ल असते.) त्याच्या एका प्रकाराचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्यांना दिसले की त्यांत दोन जाती आहेत, डाव्या आणि उजव्या हातासारख्या एकमेकींच्या प्रतिमा. तांदळातले खडे निवडावेत तसे ते स्फटिक त्यांनी हाताने निवडून वेगळे केले. पंचविशीतल्या माणसाचे नाव त्यामुळे झाले. दुसऱ्या वर्षी मारी लोरां यांच्याशी विवाह झाला. या बाई नवऱ्याच्या टिपणांच्या लेखनिक झाल्या आणि जन्मभर राहिल्या.

१८५४ मध्ये पाश्चर उत्तर फ्रान्समधील लील शहरात विज्ञान विभागाचे प्रमुख म्हणून गेले. तेथे बीटाच्या रसापासून मद्यार्क काढण्याचे कारखाने होते. १८५६ च्या उन्हाळ्यात बिगो नावाचे कारखानदार त्यांच्याकडे आले. त्यांचा मुलगा पाश्चरांचा विद्यार्थी होता. तक्रार अशी की काही पिंपांत मद्यार्क नीट तयार होतो, तर काही पिंपे आंबट होऊन घाण वास मारतात. रस एकाच बीटाचा, कामगार तेच. नुकसान मात्र मोठे.

पाश्चर कारखान्यात जाऊ लागले. चांगल्या आणि बिघडलेल्या, दोन्ही पिंपांतले थेंब घेऊन ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवीत. चांगल्या पिंपात यीस्टचे गोल कण दिसत, एकाला दुसऱ्याची कळी फुटलेली. बिघडलेल्या पिंपात हे कण कमी झालेले असत आणि त्यांच्या जागी बारीक, आखूड काड्यांसारखे काही वळवळत असे. अशा पिंपात मद्यार्काऐवजी लॅक्टिक आम्ल सापडे, म्हणजे आपल्या दह्यातलेच आम्ल.

यीस्ट सजीव आहे असे काही शास्त्रज्ञांनी १८३० नंतरच्या दशकात सांगितले होते. पण जर्मनीचे थोर रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांचे मत वेगळे होते. त्यांच्या मते आंबणे म्हणजे पदार्थाचे कुजणे, त्यात जिवंतपणाचा संबंध नाही. त्यांच्या शब्दाला वजन फार. पाश्चरांनी १८५७ मध्ये लॅक्टिक आंबवणावरचा निबंध वाचला. मद्यार्क करणारा जीव वेगळा आणि आम्ल करणारा वेगळा, तेव्हा पिंप बिघडले म्हणजे नको तो पाहुणा आत शिरला, हे त्यांनी मांडले. पुढे त्यांना आणखी असे आढळले की यीस्ट हवेत भराभर वाढते, पण हवा नसली की साखर मोडून मद्यार्क करते.

याचा उपयोग किती, हे पाहायला नॉर्मंडीकडे वळावे. त्या प्रांतात द्राक्षे नीट पिकत नाहीत, म्हणून शेतकरी सफरचंदाच्या रसाची साइडर घरीच घालतात. ती बिघडतेही घरीच. पूर्वी बिघडली की दैवाला किंवा फळाला दोष देत. जिवंत यीस्ट ध्यानात घेतले की प्रत्येक दुखण्याचे निदान निराळे होते. रस फसफसायलाच तयार नाही, तर बहुधा तळघर फार थंड आहे आणि यीस्ट झोपले आहे. पिंप जरा उबेला आणावे. गोडी शिल्लक असताना बुडबुडे थांबले, तर यीस्टची उपासमार झालेली असू शकते, कारण सफरचंदाच्या रसात साखर भरपूर असली तरी नत्र कमी असते. सडक्या अंड्याचा वास येतो तोही पुष्कळदा याच उपाशी यीस्टचा. दारू तेलासारखी तार धरू लागली, तर लॅक्टिक जातीचे जंतू शिरले. आणि पिंप अर्धे रिकामे ठेवून वर हवा खेळू दिली, तर मद्यार्काचा शिरका होणार. त्याला मग इलाज नाही. शिरका म्हणूनच वापरावा.

आपल्या कोकणातल्या आजोबांना यातले अर्धे ठाऊक होते. पहाटेची नीरा गोड, दुपारची माडी चढणारी, आणि तशीच पडून राहिली की काही दिवसांत शिरका. नीरा गोड राहावी म्हणून मडक्याला आतून चुना लावत, तो यीस्टला वाढू न देण्यासाठीच. कारण माहीत नव्हते, उपाय माहीत होता.

शिरका कोणता जीव करतो हेही पाश्चरांनी शोधले. १८६३ मध्ये सम्राट तिसऱ्या नेपोलियनने फ्रेंच दारूच्या बिघाडाचे काम त्यांच्यावर सोपवले. पुढच्या वर्षी ते आपल्या आर्ब्वा गावी जाऊन बसले. दारू हवाबंद ठेवून ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत थोडा वेळ तापवली की बिघडवणारे जंतू मरतात, असे त्यांनी दाखवले. चव जाईल अशी व्यापाऱ्यांना भीती होती. जाणकारांनाही फरक सांगता येईना. दुधाला ही रीत पुढे इतरांनी लावली, पण दुधाच्या पिशवीवर नाव पाश्चरांचेच राहिले.

हीच वर्षे घरात फार वाईट गेली. थोरली मुलगी झान १८५९ मध्ये विषमज्वराने गेली होती. १८६५ मध्ये वडील गेले, त्याच वर्षी दोन वर्षांची कामीय गेली, आणि १८६६ मध्ये बारा वर्षांची सेसील, तीही विषमज्वरानेच. दारूचे रोग ओळखणाऱ्या माणसाला मुलींच्या रोगापुढे काही करता आले नाही. १८६८ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि डावी बाजू कायमची अधू झाली. तेव्हा ते पंचेचाळीस वर्षांचे होते. खरे मोठे काम अजून व्हायचे होते.

पिंपात जंतू शिरून दारू बिघडते, तर माणसाच्या शरीरात शिरून रोग का होऊ नये? या प्रश्नामागे ते लागले. १८८१ मध्ये पुयी-ल-फोर येथे त्यांनी काळपुळीची लस मेंढ्यांना सर्वांसमक्ष टोचून दाखवली. ६ जुलै १८८५ रोजी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेला नऊ वर्षांचा जोसेफ माइस्टर त्यांच्याकडे आला. पाश्चर डॉक्टर नव्हते, म्हणून लस दुसऱ्याने टोचली. मुलगा वाचला.

त्यांना देव्हाऱ्यात बसवण्याची मात्र गरज नाही. त्यांच्या वह्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अभ्यासकांना खुल्या झाल्या. त्यांवरून दिसते की मेंढ्यांच्या प्रयोगात वापरलेली लस त्यांच्या सहकाऱ्याच्या पद्धतीने केलेली होती आणि पाश्चरांनी ते उघड सांगितले नव्हते. मला हे वाचून वाईट वाटले, पण मुलांपासून ते लपवावे असे वाटले नाही.

१८८८ मध्ये पॅरिसला पाश्चर संस्था सुरू झाली. २८ सप्टेंबर १८९५ रोजी पाश्चर वारले. दुसऱ्याच वर्षी मुंबईत प्लेग आला. त्यांच्या संस्थेत काम केलेले वाल्डेमार हाफकिन तेव्हा हिंदुस्थानात होते. त्यांना मुंबईला पाठवण्यात आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी काचेच्या चंबूत मांसरस घेऊन प्लेगचे जंतू वाढवले. जंतूंना आधार मिळावा म्हणून वर आपल्या घरच्यासारख्या तुपाचे थेंब तरंगत ठेवलेले असत. जंतू पुरेसे वाढले की ते तापवून मारीत, आणि तीच लस. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळच्या ज्या संस्थेत हे काम पुढे चालले, तिला १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.