माणसांवर भरवसा ठेवणारा कारखानदार
लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६)

यंत्रे पैसे टाकून विकत आणता येतात. पण एकदिलाने राबणारी माणसे मालकाला स्वतःच तयार करावी लागतात. परदेशात दुकान, गॅरेज किंवा लहानसा कारखाना चालवणाऱ्या आपल्या बांधवांना हा अनुभव नवा नाही. या बाबतीत कै. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र आवर्जून आठवावे असे आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, परंतु त्यांना काही रंग ओळखता येत नाहीत असे आढळून आले. तेव्हा ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. तेथे त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन शिक्षकाला बढती मिळाली. मानी लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली व बेळगावची वाट धरली.

बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान होते. तेथून पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर तयार झाले. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने नांगर खपायला दोन वर्षे लागली. जरा जम बसतो तोच नगरपालिकेमुळे कारखान्याची जागा सोडण्याची पाळी आली. अशा वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जमीन व १०,००० रुपये कर्ज दिले.

१९१० साली लक्ष्मणराव तेथे गेले तेव्हा तो निवडुंगाने भरलेला, नागांचा वावर असलेला माळ होता. बरोबर सुमारे पंचवीस कामगार आणि त्यांची बायकामुले होती. घरे नाहीत, बाजार नाही, पगाराला पुरेल असा पैसाही जेमतेम. अशा ठिकाणी माणसे केवळ रोजासाठी टिकत नाहीत. कारखान्याबरोबर सर्वांच्या राहण्याची सोयही उभी करावी लागणार हे लक्ष्मणरावांनी ओळखले आणि माळावर वसाहत वसवली. हीच किर्लोस्करवाडी. पुढे स्टेशनालाही तेच नाव मिळाले.

लक्ष्मणरावांचे खरे कसब माणूस पारखण्यात होते. वसाहतीची व्यवस्था बंधू रामूअण्णांनी पाहिली, यंत्रांची बाजू शंभूअण्णा जांभेकरांनी सांभाळली, हिशेब मंगेशराव रेग्यांच्या हाती गेले. शाळेत ज्यांचे जमले नव्हते अशी काही मंडळीही येथे कर्तबगार ठरली. ज्याला जे साधते ते त्याच्याकडे सोपवायचे, ही येथील रीत होती.

सर्वांत धाडसाचा निर्णय पहाऱ्याचा. आडरानातला कारखाना, आत किमती माल, वसाहतीत बायकामुले. एक चूक झाली असती तर सारेच गमावले असते. असे असूनही लक्ष्मणरावांनी तुरुंगात शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीचे पहारेकरी नेमले. गुन्हेगारातही चांगला माणूस दडलेला असतो, ही त्यांची श्रद्धा होती. ज्यांना दाराशीही कोणी उभे करत नव्हते, त्यांच्याच हाती वाडीची राखण गेली आणि त्यांनी ती इमानाने केली.

ज्या काळात गावोगावी पाणवठे वेगळे होते, त्या काळात त्यांनी वाडीत अस्पृश्यतेला बंदी केली. नियम कागदावर लिहिणे सोपे. पण ज्याच्या हातचे पाणी चालत नाही त्याच्या शेजारी काम करायला माणसे राजी होणे कठीण. मालकाचे स्वतःचे वागणे तसे असल्याशिवाय हे घडत नाही.

१९२० साली पुतणे शंकरराव यांनी कारखान्याचे पत्रक म्हणून ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. त्यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक नावारूपाला आले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. जन्मशताब्दीनिमित्त १९६९ मध्ये भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

पाच माणसांच्या दुकानात मालकाचा स्वभाव हाच दुकानाचा स्वभाव होतो. मालक संशयी असला तर नोकर लपवाछपवी शिकतात. त्याने जबाबदारी दिली तर बहुतेक माणसे ती पेलतात. बढतीत स्वतः डावलले गेलेल्या लक्ष्मणरावांनी आपल्या वाडीत मात्र माणसाची जात आणि मागचा इतिहास आड येऊ दिला नाही. धंदा करणाऱ्याने त्यांच्या नांगराइतकेच हेही लक्षात ठेवावे.