भिंतीपलीकडे लहर पाठवणारे शास्त्रज्ञ : जगदीशचंद्र बोस



हल्ली पालकसभेत अभ्यासाबरोबर आणखी एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे घरातील वाय-फायचा. पुढच्या खोलीत सर्व काही सुरळीत चालते, पण मूल जिथे अभ्यासाला बसते त्या मागच्या खोलीत चित्र अडकते, आवाज तुटतो. २०२० मध्ये वर्ग मोबाईलवर भरू लागले, तेव्हा कित्येक मुलांनी जिन्यात किंवा ओसरीत बसून धडे ऐकले. गोपाल मंदिराच्या परिसरातील जुन्या वाड्यांच्या भिंती हात-दीड हात जाड आहेत आणि फ्रीगंजच्या नव्या घरांत सिमेंट व लोखंडी सळ्या आहेत. म्हणून तक्रार दोन्हीकडे सारखीच.

बिनतारी लहर भिंतीपलीकडे कशी न्यावी, हा प्रश्न आपल्या देशात सव्वाशे वर्षांपूर्वी एका प्राध्यापकाने हाती घेतला होता आणि स्वतःच्या हाताने सोडवून दाखवला होता. त्यांचे नाव आचार्य जगदीशचंद्र बोस. झाडांना संवेदना असते असे सांगणारे शास्त्रज्ञ म्हणून पाठ्यपुस्तकातून आपण त्यांना ओळखतो. त्यांच्या जीवनाचा पूर्वार्ध मात्र पुष्कळांना ठाऊक नसतो.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी पूर्व बंगालमध्ये झाला. हा भाग आज बांगलादेशात आहे. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी होते. अशा घरातील मुले तेव्हा इंग्रजी शाळेत जात, पण भगवानचंद्रांनी मुलाला फरीदपूरच्या बंगाली पाठशाळेत घातले. आधी आपली भाषा आणि आपली माणसे कळली पाहिजेत, असे त्यांचे मत होते. तिथे जगदीशचंद्रांच्या एका बाजूला वडिलांच्या मुसलमान चपराश्याचा मुलगा बसे आणि दुसऱ्या बाजूला कोळ्याचा. त्यांच्याकडून पक्षी, मासे व पाण्यातील जीव यांच्या गोष्टी ऐकता ऐकता निसर्गाची गोडी लागली, असे पुढे त्यांनी कृतज्ञतेने सांगितले आहे. हिंदी प्रदेशात राहून घरी मराठी जपणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांनी ही गोष्ट अवश्य लक्षात ठेवावी.

पुढे कोलकात्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये फादर लाफों हे बेल्जियन शिक्षक भेटले. ते प्रत्येक गोष्ट प्रयोग करून दाखवत. १८८० मध्ये जगदीशचंद्र वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला गेले, पण वारंवार येणाऱ्या तापामुळे ते शिक्षण सोडावे लागले. मग केंब्रिजला विज्ञान घेतले. तिथे लॉर्ड रॅले यांच्यासारखे गुरू लाभले. पदवी घेऊन १८८५ मध्ये ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजमध्ये भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले.

इथे पहिली भिंत उभी राहिली. हिंदी माणसाला इंग्रज प्राध्यापकाच्या दोनतृतीयांश पगार देण्याची रीत होती. त्यातही नेमणूक हंगामी म्हणून हाती त्याच्या निम्मेच येणार होते. जगदीशचंद्रांनी भांडण केले नाही आणि पगारही घेतला नाही. एक दिवस न चुकवता ते तीन वर्षे विनावेतन शिकवत राहिले. घरी वडिलांचे कर्ज होते. १८८७ मध्ये अबलादेवींशी विवाह झाला, त्यांनीही ही ओढगस्त सोसली. अखेर सरकार नमले, नेमणूक कायम झाली आणि मागील सर्व पगार पूर्ण दराने मिळाला. त्यातून वडिलांचे कर्ज फेडले गेले.

मित्रहो, आता आपल्या विषयाकडे वळू. हाइनरिश हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८८७-८८ मध्ये विद्युत लहरी प्रत्यक्ष निर्माण करून दाखवल्या होत्या. १८९४ मध्ये वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी हर्ट्झ वारले. त्याच वर्षी, ३० नोव्हेंबरला, जगदीशचंद्रांनी आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी संकल्प केला की यापुढे आयुष्य संशोधनाला द्यायचे. कॉलेजात प्रयोगशाळा नव्हती. स्नानगृहाला लागून असलेली एक चिंचोळी जागा मिळाली. स्थानिक कारागिराला हाताशी धरून त्यांनी सगळी उपकरणे तिथेच बनवली.

हर्ट्झ यांच्या लहरी लांब होत्या. कित्येक प्रयोगांत त्या काही मीटर, तर कमीत कमी दोनएक फूट. अशा लहरीला वळवायचे, अडवायचे किंवा एका जागी गोळा करायचे तर आरसे आणि भिंगेही तेवढीच मोठी लागतात. जगदीशचंद्रांनी लहर आखूड केली. त्यांच्या उपकरणातून ५ ते २५ मिलिमीटरपर्यंतच्या लहरी निघत. लहर लहान झाली म्हणून उपकरण टेबलावर मावले. लहरींना दिशा देण्यासाठी त्यांनी धातूची नळी व शिंगासारखे नरसाळे वापरले. लहरी गाळण्यासाठी पिळलेल्या तागाचा उपयोग केला, आणि एकदा तर रेल्वेच्या वेळापत्रकाच्या जाड पुस्तकाच्या पानांत धातूचे वर्ख घालून काम भागवले.

१८९५ मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी जाहीर प्रयोग केला. बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर समोर बसले होते. लहरी त्यांच्या शरीरातून आणि मधल्या भिंतींतून पार झाल्या. सुमारे ७५ फुटांवरच्या खोलीत त्यांनी घंटा वाजवली आणि बंदुकीच्या दारूला पेट दिला. मध्ये तार नव्हती. मार्कोनी यांनी अटलांटिक महासागरापार संदेश धाडला तो १९०१ मध्ये, म्हणजे सहा वर्षांनंतर.

कोणती वस्तू लहरीला वाट देते आणि कोणती अडवते, याची जगदीशचंद्रांनी बारकाईने तपासणी केली. आपल्या डोळ्यांना पाणी पारदर्शक आणि वीट अपारदर्शक. या अदृश्य प्रकाशाला मात्र उलटे. विटेतून व डांबरातून तो जातो, पाणी त्याला अडवते. हे सर्व त्यांनी बंगालीत सोप्या शब्दांत लिहिले. १९२१ मध्ये निघालेल्या त्यांच्या ‘अव्यक्त’ या पुस्तकात तो लेख आहे.

आपल्या घरचे कोडे इथेच सुटते. वाय-फाय ही त्याच कुळातील लहर आहे. २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब असते, ५ गिगाहर्ट्झची सुमारे सहा सेंटिमीटर. दुसरी जास्त माहिती भरभर नेते, पण भिंतीत लवकर दमते. कोरडी वीट थोडी वाट देते. ओली भिंत, पाण्याची टाकी, लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि सळ्यांचा स्लॅब हे खरे अडसर.

पुष्कळ जण यावर उपाय म्हणून अधिक ताकदीचा राउटर आणतात. पण संभाषण दोन्ही बाजूंनी होते. राउटरचा आवाज मागच्या खोलीत पोहोचला तरी मोबाईलचे क्षीण उत्तर परत पोहोचले पाहिजे ना! दुसरा उपाय म्हणजे लहर पकडून पुढे ढकलणारे यंत्र. ते जिथे लहर आधीच मंद आहे तिथे लावले, तर मंद लहरच पुढे जाते.

कार्यालये, रुग्णालये व महाविद्यालयांत वापरतात तो ॲक्सेस पॉइंट वेगळ्या विचाराने चालतो. राउटरपासून एक केबल भिंतीतून किंवा जिन्याच्या कडेने आत नेतात आणि तिच्या टोकाला छतावर एक चपटी तबकडी बसवतात. योग्य उपकरण घेतले तर वीजही त्याच केबलमधून जाते. जाड भिंत केबल ओलांडते आणि लहरीला फक्त आपल्या खोलीपुरते चालावे लागते. वाड्यात मजल्यागणिक एक, लहान घरात मधल्या बोळीत एक, एवढे बहुधा पुरते. नेमकी जागा निवडण्यातच सगळे यश आहे.

ती जागा कशी निवडावी? जगदीशचंद्रांप्रमाणे, मोजून. मुलांनो, घराचा कच्चा नकाशा काढा. मोबाईल घेऊन प्रत्येक खोलीत उभे राहा, दार उघडे व बंद ठेवून लहर किती येते ते लिहा. पैसे खर्च करण्याआधी हा कागद वडीलमंडळींच्या हाती द्या. सवाई जयसिंहांच्या वेधशाळेच्या गावातील मुलांना मोजमापाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

जगदीशचंद्रांना त्यांच्या कामाचे मोल कळत होते, पण त्यांनी त्याचा व्यापार केला नाही. १९०१ मध्ये एका तार कंपनीचा मालक लंडनमध्ये पेटंटचा कागद घेऊन त्यांच्याकडे आला, त्याला त्यांनी नकार दिला. भगिनी निवेदिता व श्रीमती सारा बुल यांच्या आग्रहामुळे एका ग्राहक उपकरणाचे अमेरिकन पेटंट १९०४ मध्ये त्यांच्या नावे झाले, तेही त्यांनी पुढे चालवले नाही. नंतर ते वनस्पतींच्या अभ्यासाकडे वळले. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी, आपल्या वाढदिवशीच, त्यांनी कोलकात्यात बोस संशोधन मंदिर स्थापन केले. १९२० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले.

मिलिमीटर लहरींवरील त्यांच्या प्रयोगांना २०१२ मध्ये विद्युत अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने, आय-ट्रिपल-ई ने, मैलाचा दगड म्हणून मान्यता दिली. त्यांच्या ५ मिलिमीटरच्या लहरीला आजच्या भाषेत ६० गिगाहर्ट्झ म्हणतात आणि एकाच खोलीत फार वेगाने माहिती पाठवणाऱ्या वाय-फायचा एक प्रकार त्याच लहरीवर चालतो.

पालकांना एक विनंती. घरात ॲक्सेस पॉइंट लावाल तेव्हा तो दूरदर्शन संचाजवळ न लावता, मूल जिथे अभ्यासाला बसते तिथे लहर नीट पोहोचेल असा लावा. मुलांनी नकाशे करून आणले तर ते विज्ञानाच्या तासाला फळ्यावर लावले जातील. ३० नोव्हेंबरला आचार्यांना हीच आपली आदरांजली ठरो.