कथेच्या आधी जाहिरात : 'चंद्रलेखा'चे एस. एस. वासन

चित्रपट तयार होण्याआधीच त्याची उत्सुकता निर्माण करण्याचे तंत्र आज सर्वांच्या परिचयाचे आहे. पहिली झलक, मग गाणे, मग शहरभर फलक, असा त्याचा क्रम ठरून गेला आहे. पण ज्या चित्रपटाची कथाच अद्याप कोणाला सुचलेली नाही, त्याची जाहिरात देऊन मोकळे होण्याचे धाडस एका निर्मात्याने १९४०च्या दशकात मद्रासमध्ये केले होते. त्या निर्मात्याचे नाव एस. एस. वासन आणि तो चित्रपट 'चंद्रलेखा'.

वासन यांचे मूळ नाव श्रीनिवासन. १९०४ साली तंजावर जिल्ह्यातील तिरुतुरैपूंडी येथे त्यांचा जन्म झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले आणि आईने मुलाला घेऊन मद्रास गाठले. पचैयप्पा महाविद्यालयातील शिक्षण अर्धवट सोडून वासन यांनी जाहिराती मिळवून देण्याचा व्यवसाय पत्करला. टपालाने वस्तू विकण्याचा धंदाही त्यांनी केला. वस्तू समोर नसताना केवळ चार ओळींच्या मजकुरावर ग्राहकाला पैसे पाठवण्यास प्रवृत्त करायचे, ही त्या धंद्यातली खरी परीक्षा. पुढच्या आयुष्यात वासन यांनी जे जे केले, त्याची पायाभरणी या काळात झाली, असे म्हणण्यास हरकत नाही.

ज्या नियतकालिकांना ते जाहिराती पुरवत, त्यांत 'आनंद विकटन' हे तमिळ विनोदी मासिक होते. ते डबघाईला आले, तेव्हा १९२८ साली वासन यांनी ते विकत घेतले. नावातील प्रत्येक अक्षरामागे २५ रुपये या हिशेबाने २०० रुपयांत हा सौदा झाला, असे सांगितले जाते. 'कल्की' कृष्णमूर्तींसारखा लेखक त्यांनी संपादनासाठी आणला, बक्षिसांची शब्दकोडी सुरू केली आणि मरगळलेले मासिक तमिळ घराघरांत पोहोचवले. पुढचा अंक कधी येतो याची वाट वाचकाला पाहायला लावणे त्यांना या काळात साधले.

चित्रपटाशी त्यांचा संबंध आला तो लेखक म्हणून. त्यांच्या 'सती लीलावती' या कादंबरीवर १९३६ साली एलिस आर. डंगन यांनी चित्रपट काढला. एम. जी. रामचंद्रन यांचे पडद्यावरील पदार्पण याच चित्रपटातले. त्यानंतर वासन वितरणाकडे वळले. १९४०च्या सुमारास के. सुब्रह्मण्यम यांचा आगीत होरपळलेला स्टुडिओ लिलावात निघाला. वासन यांनी तो घेतला आणि त्याचे नाव 'जेमिनी' ठेवले. हे नाव राशीवरून आले की त्यांच्या शर्यतीच्या घोड्यावरून, याबद्दल दोन मते आहेत. तुतारी फुंकणारी दोन बालके हे जेमिनीचे बोधचिन्ह मात्र पुढे काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतच्या प्रेक्षकांनी पाहिले.

'बालनागम्मा' आणि 'मंगम्मा शपथम्' या चित्रपटांना घवघवीत यश मिळाले, तेव्हा वासन यांना त्याहून भव्य काही करण्याची ओढ लागली. स्टुडिओच्या कथाविभागाने एका धीट तरुणीची गोष्ट त्यांच्यापुढे मांडली. गोष्ट त्यांना पसंत पडली नाही, पण नायिकेचे नाव मनात भरले. ते नाव होते चंद्रलेखा. मग कथेची वाट न पाहता त्यांनी जेमिनीचा आगामी चित्रपट 'चंद्रलेखा' असल्याची जाहिरात थाटात दिली. लोक विचारू लागले, वितरक चौकशी करू लागले आणि कथाविभागातील मंडळींच्या तोंडचे पाणी पळाले.

कोत्तमंगलम सुब्बू, के. जे. महादेवन, वेप्पत्तूर किट्टू असे कसलेले लोक त्या विभागात होते. तरी तीन महिने उलटले, तरी मनाजोगी कथा हाती लागेना. वासन यांचा संयम सुटत चालला. आणखी एका आठवड्यात काही झाले नाही, तर हा विषय बाजूला ठेवून 'अव्वैयार'चे काम हाती घेऊ, असे त्यांनी बजावले. अखेर किट्टू यांना जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराच्या 'रॉबर्ट मॅकेअर'मध्ये धागा सापडला. निर्जन रस्त्यावर लुटारूंनी अडवलेली गाडी आणि तिच्यात लपलेली मुलगी, एवढेच त्यांनी तिथून उचलले. दोन राजपुत्र, त्यांचे वैर, दोघांचेही जिच्यावर मन जडले ती चंद्रलेखा, सर्कस, हत्ती आणि नगाऱ्यांचा नाच हे सारे जेमिनीच्या मंडळींनी स्वत: रचले.

ही रचना पडद्यावर आणण्यात अनेक वर्षे गेली. दिग्दर्शक टी. जी. राघवाचारी यांनी बराच भाग चित्रित केल्यानंतर मतभेदांमुळे काम सोडले आणि दिग्दर्शनाचा अनुभव नसलेल्या वासन यांनी सूत्रे आपल्याकडे घेतली. टी. आर. राजकुमारी, एम. के. राधा आणि रंजन यांच्यासह शेकडो माणसे रोज स्टुडिओत राबत होती. कथेत सर्कस आली, तशी खरीखुरी सर्कस आवारात मुक्कामाला आली. नगाऱ्यांच्या नृत्यासाठी सुमारे ४०० नर्तक-नर्तिकांची महिनोन् महिने तालीम चालली. कलादिग्दर्शक ए. के. शेखर यांनी उभारलेल्या त्या एका प्रसंगावरच ५ लाख रुपये खर्ची पडल्याचे सांगतात. एकूण खर्च ३० लाखांच्या घरात गेला. त्या काळात एवढ्या रकमेत कितीतरी चित्रपट निघाले असते.

पैसा आणायचा कोठून? वासन यांनी मालमत्ता गहाण टाकली, दागिने विकले. शेवटी 'द हिंदू'चे संपादक कस्तुरी श्रीनिवासन यांच्याकडून कर्ज घ्यावे लागले. मद्रासच्या चित्रपटवर्तुळात वासन बुडणार याची चर्चा सुरू झाली होती. गंमत अशी, की ही कुजबुजही 'चंद्रलेखा'च्या पथ्यावर पडली. एवढे काय चालले आहे त्या स्टुडिओत, हे पाहण्याची ओढ लोकांना लागली. पण नुसत्या कुतूहलावर सावकाराचे व्याज फिटत नाही.

९ एप्रिल १९४८ रोजी तमिळ 'चंद्रलेखा' दक्षिणेत एकाच वेळी अनेक चित्रगृहांत झळकली. गर्दी झाली, कौतुक झाले. तरीही तमिळ प्रेक्षकांच्या तिकिटांवर एवढा खर्च भरून निघणे शक्य नव्हते. दुसरा एखादा निर्माता येथे थांबला असता. वासन यांनी कर्जाच्या ओझ्यासह हिंदी आवृत्तीचा घाट घातला. आगा जानी काश्मिरी आणि पंडित इंद्र यांच्याकडून हिंदी लेखन करून घेतले, काही भाग पुन्हा चित्रित केला, आणि वितरणात ताराचंद बडजात्या यांचे साहाय्य मिळवले.

जाहिरात व्यवसायात मुरलेला माणूस या वेळी खऱ्या अर्थाने मैदानात उतरला. वृत्तपत्रांची पूर्ण पाने 'चंद्रलेखा'ने व्यापली. शहरांच्या भिंती आणि चौक तिच्या चित्रांनी भरले. हॉलिवूडच्या कंपन्यांच्या धर्तीवर सजवलेली माहितीपुस्तिका तयार झाली आणि वृत्तपत्रांकडे गेली. मुंबईच्या किंवा दिल्लीच्या प्रेक्षकाला राजकुमारी किंवा राधा ही नावे फारशी ठाऊक नव्हती. तेव्हा नटांच्या लौकिकावर विसंबण्याचा मार्ग बंदच होता. वासन यांनी विकली ती भव्यता. पूर्वी कधी पाहिले नाही असे काही तरी येत आहे, ही एकच गोष्ट त्यांनी लोकांच्या मनावर ठसवली. मुंबईतील निर्मात्यांना या माऱ्याचा धसका बसला. नियतकालिकांत एका चित्रपटाची जाहिरात किती असावी यावर मर्यादा घालण्याचा ठरावच त्यांनी संमत केला. व्यावसायिक प्रतिस्पर्ध्यांकडून याहून मोठी पावती मिळणे कठीण.

२४ डिसेंबर १९४८ रोजी हिंदी 'चंद्रलेखा' प्रदर्शित झाली. दोन्ही भाषांत मिळून सहाशेहून अधिक प्रती काढण्यात आल्या. नायिका खलनायकाशी विवाहाला होकार देते, उत्सवासाठी प्रचंड नगारे राजवाड्यात आणले जातात, त्यांवर नाच रंगतो आणि अखेरीस नगारे फुटून आत दडलेले सैनिक बाहेर उसळतात. हे दृश्य पाहून उत्तरेतील प्रेक्षक थक्क झाला. जाहिरातीने दिलेले वचन पडद्याने पाळले होते. तसे झाले नसते, तर पूर्ण पानांच्या त्याच जाहिराती वासन यांच्या थट्टेचा विषय झाल्या असत्या. मद्रासच्या निर्मात्यांसाठी हिंदीची बाजारपेठ या यशाने खुली झाली आणि पुढे दक्षिणेतील अनेकांनी तोच मार्ग धरला.

'निशान', 'संसार', 'पैगाम' हे जेमिनीचे हिंदी चित्रपट त्यानंतरचे. १९५५च्या 'इन्सानियत'मध्ये वासन यांनी दिलीपकुमार आणि देव आनंद यांना एकत्र आणले. ही जोडी पुन्हा कोणाला जमवता आली नाही. त्यात झिप्पी नावाचा चिंपांझीही होता, कारण लोकांना नवल दाखवण्याची हौस त्यांना शेवटपर्यंत सुटली नाही. 'चंद्रलेखा'साठी बाजूला पडू शकली असती ती 'अव्वैयार' त्यांनी १९५३ मध्ये पडद्यावर आणली. जेमिनीत काम केलेले तमिळ लेखक अशोकमित्रन यांनी त्या दिवसांवर खुसखुशीत आठवणी लिहिल्या. त्यांतील एक भाग बारावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात आल्याने नव्या पिढीतील अनेकांना जेमिनी ठाऊक झाला तो असा.

१९६४ मध्ये वासन राज्यसभेवर गेले. १९६९ साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि त्याच वर्षी २६ ऑगस्टला त्यांचे निधन झाले. जन्मशताब्दीच्या वर्षी, २००४ मध्ये, टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. स्टुडिओ काळाच्या ओघात गेला. त्याच्या शेजारी १९७३ मध्ये बांधलेल्या उड्डाणपुलाला सरकारने अण्णादुराई यांचे नाव दिले, पण चेन्नईचे लोक त्याला जेमिनी पूलच म्हणतात.