शनीवरून आलेला बँडमास्तर

शनी म्हटलं की आपल्याला आधी साडेसाती आठवते. पण अमेरिकेत एक माणूस आयुष्यभर ठासून सांगत राहिला, की मी शनीवरूनच आलोय! हसलात ना? लोक तेव्हाही हसायचे. पण जाझमधल्या प्रयोगांची गोष्ट या सन रा शिवाय पुरी होत नाही.

कागदोपत्री तो हर्मन ब्लाऊंट. जन्म १९१४ चा, अलाबामातल्या बर्मिंगहॅमचा. काळ्यांना शाळेपासून बसपर्यंत सगळीकडे वेगळं ठेवणारं हे शहर. १९४२ मध्ये लष्करभरतीचा हुकूम आला. त्याने बंदूक धरायला साफ नकार दिला आणि तुरुंगवास पत्करला. १९४६ मध्ये शिकागो गाठून तो फ्लेचर हेंडरसनच्या बँडमध्ये पियानो वाजवू लागला. १९५२ मध्ये जुनं नाव कायद्यानेच टाकून दिलं. ज्या पृथ्वीवर माणूस म्हणून जागा नाही, तिथला पत्ता तरी कशाला सांगायचा?

त्याच्या बँडचं नाव ‘आर्केस्ट्रा’. आर्क म्हणजे नौका, त्यात ऑर्केस्ट्रा मिसळला. चमचमते झगे, ढोलांचा गजर, आणि घरातच तासन्‌तास तालीम. एकाच कार्यक्रमात जुन्या वळणाचं स्विंग वाजायचं आणि पुढच्या क्षणी सगळी वाद्यं एकदम उसळायची. ऐकताना गोंधळ वाटतो, पण सूत्रं त्याच्याच हातात. कोणता वादक काय वाजवू शकतो हे ओळखून तो रचना लिहायचा. इलेक्ट्रिक पियानो तर त्याने १९५६ मध्येच रेकॉर्डवर आणला.

मोठ्या कंपन्यांची वाट न बघता त्याने मित्राबरोबर ‘सॅटर्न’ हे स्वतःचं लेबल काढलं. कव्हरं हाताने रंगवायची आणि कार्यक्रमात विकायची. आज तुम्ही घरी गाणं रेकॉर्ड करून थेट अपलोड करता ना, त्याचाच हा आजोबा! किंमतही मोजावी लागली. पैसे कायम तुटपुंजे. वादक एकाच घरात राहायचे, शिस्त कडक.

‘द मॅजिक सिटी’ ही त्याची १९६५ ची जवळपास अर्ध्या तासाची रचना. नाव परग्रहावरचं वाटतं, पण हे बर्मिंगहॅमचंच टोपणनाव! १९९३ मध्ये त्याने शेवटचा श्वासही तिथेच घेतला.

बँड मात्र थांबला नाही. त्याचा जुना साथीदार मार्शल ॲलन २०२४ मध्ये शंभरीचा झाला, तेव्हाही आर्केस्ट्रा वाजतच होता. तुम्ही सुरुवात ‘जाझ इन सिल्हूएट’पासून करा. ते कानाला गोड आहे. ‘मॅजिक सिटी’ नंतर, हेडफोन लावून.