पाठ टेकूनही न हरलेला मल्ल

आपल्याकडच्या कुस्तीत निकाल पाठीवर ठरतो. मल्लाची पाठ मातीला लागली, त्याने अस्मान पाहिले, की कुस्ती संपली. ब्राझीलच्या एलियो ग्रेसी यांनी मात्र पाठ टेकल्यानंतरच्या लढतीसाठी सारे आयुष्य वेचले. खाली पडलेल्याने दोन्ही पायांनी वरच्याची कंबर वेढून धरायची आणि तेथूनच त्याला शरणागती पत्करायला लावायची, या पवित्र्याला ब्राझीलियन जिउ-जित्सूमध्ये ‘गार्ड’ म्हणतात. हा पवित्रा घासूनपुसून जगापुढे आणणाऱ्यांत एलियो यांचे नाव अग्रभागी घेतले जाते.

एलियो यांचा जन्म १ ऑक्टोबर १९१३ रोजी उत्तर ब्राझीलमधील बेलेम येथे झाला. घराण्याचे मूळ स्कॉटलंडचे. जपानी ज्युदोपटू मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला आले आणि पुढे बेलेममध्येच स्थायिक झाले. त्यांच्या विद्येची गोडी एलियो यांचे थोरले बंधू कार्लोस यांना लागली. पुढे कुटुंब रिओ दी जानेरोला आले आणि तेथे ग्रेसी बंधूंची तालीम उभी राहिली.

एलियो यांच्या बालपणाविषयी घराण्यात एक कथा सांगितली जाते. हा मुलगा अशक्त होता, त्याला घेरी येत असे, म्हणून वैद्यांनी व्यायामाला मनाई केली होती. तो कोपऱ्यात बसून भावांची शिकवणी पाही. एके दिवशी कार्लोस वेळेवर आले नाहीत आणि एलियो यांनीच शिष्याला धडा दिला. त्या शिष्याला तो इतका आवडला, की त्याने पुढे त्यांच्याकडेच शिकण्याचा हट्ट धरला. नंतरच्या अभ्यासकांनी या कथेविषयी शंका घेतली आहे, कारण तरुणपणी एलियो पोहणे आणि नौकानयनात रमल्याचे उल्लेख आढळतात. मात्र त्यांचे वजन साठ-पासष्ट किलोंच्या घरात होते आणि समोर बहुधा त्याहून भारी प्रतिस्पर्धी असे. अशा माणसाने वरचढ होण्यासाठी बळाची स्पर्धा करण्यात अर्थ नव्हता.

गार्डमधून शरण आणण्याचे शास्त्र याच अडचणीतून घडत गेले. वरचा प्रतिस्पर्धी पाठीचा कणा ताठ ठेवून बसला, तर खालच्याचा कोणताही डाव लागत नाही. म्हणून पहिले काम त्याचा ताठा मोडण्याचे. त्यासाठी त्याची कॉलर नि बाही पकडून, गुडघे आपल्याकडे ओढून त्याला पुढे झुकवायचे. दुसरे काम कोन बदलण्याचे. समोरासमोर पडून राहिल्यास त्याचे सारे वजन अंगावर येते. कंबर बाजूला सरकवली की तेच वजन निसटते आणि त्याचा एक हात एकाकी पडतो. मग त्या हाताच्या कोपरावर आपल्या कमरेचा टेकू लावला, की एका हाताविरुद्ध दोन पाय, कंबर आणि पाठ अशी लढत होते. येथे तरफेचे तत्त्व बळावर मात करते. गळ्याच्या डावातही श्वासनलिका चेपण्यापेक्षा मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्यांवर दाब देणे महत्त्वाचे. त्याला शक्ती कमी लागते आणि काही सेकंदांत शुद्ध हरपते. गळा वाचवायला प्रतिस्पर्ध्याने हात पुढे केला की हात सापडतो, हात मागे घेतला की गळा उघडा पडतो. घाई न करता त्याला या पेचात आणणे, हेच गार्डचे मर्म.

हे सारे एलियो यांनीच शोधले, असा दावा पुढे होत राहिला. तो पूर्णपणे खरा नाही. जपानमधील ज्युदोत जमिनीवरील लढतीचे, पाठीवर पडून लावायच्या डावांचे ज्ञान आधीपासून होते आणि माएदा ते सोबत घेऊनच आले होते. एलियो यांचे श्रेय वेगळे आहे. जे इतरत्र ज्युदोचे एक अंग होते, ते त्यांनी लढतीच्या केंद्रस्थानी आणले आणि जाहीर सामन्यांत पारखून घेतले.

१६ जानेवारी १९३२ रोजी मुष्टियोद्धा अंतोनियो पोर्तुगाल याला त्यांनी हाताचा डाव लावून मिनिटाच्या आत हरवले. १९३४ मध्ये त्यांची गाठ शंभर किलोंहून अधिक वजनाच्या व्लाडेक झिबिस्कोशी पडली. हे आडनाव भारतीय वाचकांना परके नाही. व्लाडेकचा थोरला भाऊ स्टॅनिस्लॉस झिबिस्को १९१० मध्ये लंडनला गामा पहिलवानापुढे दोन तासांहून अधिक काळ जमिनीला चिकटून राहिला आणि कुस्ती अनिर्णित सुटली. १९२८ मध्ये पतियाळात मात्र गामाने त्याला मिनिटाच्या आत चीत केले. एलियो यांनी व्लाडेकशी बरोबरी साधली.

या काळाला काळी बाजूही आहे. १९३२ मध्ये ग्रेसी बंधूंनी मानुएल रुफिनो दोस सांतोस या मल्लावर रस्त्यात हल्ला केला. त्याबद्दल एलियो यांच्यासह तिघांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. राष्ट्राध्यक्ष जेतुलिओ वार्गास यांनी ती माफ केली. घराण्याची प्रतिष्ठा राखण्याच्या नादात विवेक सुटल्याचे हे उदाहरण त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही.

एलियो यांच्या आयुष्यातील निर्णायक वर्ष १९५१. जपानी ज्युदोपटूंचे एक पथक ब्राझीलमध्ये आले होते. त्यातील युकिओ कातोशी ६ सप्टेंबरला माराकाना येथे झालेली पहिली लढत बरोबरीत सुटली. २९ सप्टेंबरला साओ पावलोत दोघे पुन्हा भिडले. कातो वर होता, एलियो खाली. कातोने वरून त्यांच्या गळ्याला हात घातला, तेव्हा एलियो यांनीही खालून त्याच्या कॉलरमध्ये दोन्ही हात आडवे रुतवले. वरवर पाहता सरशी कातोची होती. पण काही क्षणांतच त्याचा चेहरा पांढरा पडला आणि तो शुद्ध हरपून कोसळला. ज्याची पाठ जमिनीवर होती, तो जिंकला होता.

महिना उलटायच्या आत, २३ ऑक्टोबरला त्यांच्यापुढे मासाहिको किमुरा उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धापूर्वी जपानमध्ये त्याला तोड नव्हती. एलियो यांनी नुकतीच अडतिसावी ओलांडली होती. माराकानातील हजारो प्रेक्षकांसमोर किमुराने त्यांना वारंवार आपटले आणि दुसऱ्या फेरीत त्यांचा हात पाठीमागे पिरगाळला. हाड मोडले तरी एलियो यांनी शरणागती दिली नाही. अखेर कार्लोस यांच्या बाजूने हार मान्य करण्यात आली. हाताला लागलेला तो डाव ग्रेसी घराण्याने शत्रूचा म्हणून टाकून दिला नाही. त्याला विजेत्याचेच नाव दिले आणि तो आत्मसात केला. आज ‘किमुरा’ हा गार्डमधून लावायच्या प्रमुख डावांपैकी एक मानला जातो.

२४ मे १९५५ रोजी एकेचाळीस वर्षांचे एलियो आपल्याच तालमीत घडलेल्या तरुण वाल्देमार सांतानाशी लढले. पावणेचार तासांच्या आसपास चाललेली ही लढत ते हरले. त्यानंतर घराण्याची धुरा पुतण्या कार्लसन याच्याकडे गेली आणि एलियो मुख्यत्वे शिक्षक झाले.

त्यांच्या शिकवणीची जागतिक परीक्षा पुढच्या पिढीने दिली. मुलगा रोरियन अमेरिकेत स्थायिक झाला आणि १२ नोव्हेंबर १९९३ रोजी डेन्व्हरमध्ये पहिली अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप भरली. तीत धाकट्या रॉइसने एकाच रात्री तीन प्रतिस्पर्ध्यांना शरण आणले. डिसेंबर १९९४ मध्ये त्याच्या अंगावर डॅन सेव्हर्न हा बलदंड कुस्तीपटू पंधरा मिनिटांहून अधिक काळ दडपण टाकून होता. रॉइस गार्डमध्ये खाली पडून वाट पाहत राहिला आणि अखेर पायांचा त्रिकोण करून त्याने सेव्हर्नचा गळा आवळला. सेव्हर्नने हाताने थोपटून हार मान्य केली. साओ पावलोत त्रेचाळीस वर्षांपूर्वी वडिलांनी जे केले होते, तेच मुलाने नव्या डावाने करून दाखवले.

वेळेचे आणि गुणांचे बंधन असलेल्या स्पर्धा एलियो यांना फारशा रुचल्या नाहीत. लढतीचा निकाल शरणागतीनेच लागावा, हे मत त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. उतारवयातही ते गादीवर उतरून शिकवत असत. २९ जानेवारी २००९ रोजी, वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. आजही जिउ-जित्सूच्या तालमीत येणाऱ्या नवशिक्याला लवकरच पाठीवर पडून कंबर सरकवायला शिकवले जाते. त्याला कातोचे किंवा सांतानाचे नाव ठाऊक नसेल. किमुराचे मात्र तो रोज घेतो.