फादर थॉमस स्टीफन्स

फादर थॉमस स्टीफन्स (जन्म : सुमारे इ.स. १५४९, बुश्टन, विल्टशायर, इंग्लंड. मृत्यू : इ.स. १६१९, गोवा) हे जेझुइट धर्मगुरू आणि ‘ख्रिस्तपुराण’ या मराठी ओवीबद्ध ग्रंथाचे कर्ते होते. जन्माने इंग्रज असूनही मराठीच्या प्राचीन ग्रंथकारांत त्यांची गणना होते. पोर्तुगीज अमदानीत ते पाद्री एस्तेव्हाँव या नावाने ओळखले जात.

पूर्वायुष्य

स्टीफन्स यांचे वडील व्यापारी होते. राणी पहिली एलिझाबेथ हिच्या राजवटीत इंग्लंडमधील कॅथलिकांवर कडक निर्बंध होते. त्यामुळे स्टीफन्स यांनी थॉमस पाउंड या मित्रासह रोमला जाण्याचे ठरविले. परंतु पाउंड यांना अटक झाली आणि स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले. तेथे १५७५ मध्ये ते जेझुइट संघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघून ते २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास आले. या सागरी प्रवासाचे वर्णन त्यांनी वडिलांना पत्राने कळविले होते.

गोव्यातील कार्य

पुढील सुमारे चाळीस वर्षे त्यांचे वास्तव्य मुख्यतः सासष्टीत होते. हा काळ संघर्षाचा होता. पोर्तुगीजांनी देवळे पाडल्यामुळे क्षुब्ध झालेल्या कुंकळ्ळीच्या ग्रामस्थांनी १५८३ मध्ये पाच जेझुइटांना ठार केले. त्यांचे मृतदेह परत मिळविण्याचे काम स्टीफन्स यांनी केले. त्याच वर्षी भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी भारतीय भाषांचे ग्रीक व लॅटिन भाषांशी असलेले साम्य नोंदविले. सर विल्यम जोन्स यांनी हा विचार सुमारे दोनशे वर्षांनी, १७८६ मध्ये मांडला.

ख्रिस्तपुराण

धर्मांतरानंतर नवख्रिस्ती लोकांना जुनी पुराणे वाचण्यास मनाई होती. त्यांच्या जागी तशाच स्वरूपाचे काही वाचावयास मिळावे, अशी मागणी एक ब्राह्मण श्रोता करतो, असा प्रसंग ग्रंथारंभी आहे. ही उणीव भरून काढण्यासाठी स्टीफन्स यांनी बायबलमधील कथा ओवी छंदात सांगितली. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनचा ‘जुन्या करारा’तील भाग असून दुसऱ्यात येशूचे चरित्र आहे. दोन्ही मिळून सुमारे ११,००० ओव्या आहेत. भाषा मराठी असली तरी तीत कोकणी शब्द मिसळलेले आहेत. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ यासारखे श्रोत्यांच्या परिचयाचे शब्द त्यांनी योजले. आरंभीची मराठी भाषेची स्तुती विशेष प्रसिद्ध आहे.

देवनागरी खिळे उपलब्ध नसल्याने हा ग्रंथ १६१६ मध्ये राशोल (रायतूर) येथे रोमन लिपीत छापण्यात आला. १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या.

इतर लेखन

‘दौत्रीना क्रिस्तां’ ही त्यांची कोकणी प्रश्नोत्तरी १६२२ मध्ये, तर पोर्तुगीज भाषेत लिहिलेले कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये, म्हणजे दोन्ही त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. हे व्याकरण आधुनिक भारतीय भाषेचे सर्वांत जुने छापील व्याकरण मानले जाते.

वारसा

१६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेच्या वापरावर बंदी घातली. ख्रिस्तपुराणाच्या मूळ छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. गोव्यातून कॅनरात स्थलांतरित झालेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी मात्र त्याची हस्तलिखिते जपली. त्यांच्या आधारे जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे रोमन लिपीतील आवृत्ती काढली. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी देवनागरी आवृत्ती सिद्ध केल्यावर हा ग्रंथ सर्वसामान्य मराठी वाचकांपर्यंत पोहोचला.